पिकअपचे पाटे वाढवून गाडी उचलून घेणं कामाचं असतं का, की फक्त दिसायला?

भाऊ, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: घाटंजी तालुक्यात तुमची पिकअप आहे. हंगामात कापूस पांढरकवड्याला जिनिंगवर जातो, पेरणीच्या आधी खताची पोती येतात, बाकी दिवस गाडी रिकामी नाहीतर अर्धी भरलेली पळते. शेजारच्या गावातल्या एकाने पाट्यांखाली, म्हणजे चेसीखालच्या पोलादी स्प्रिंग-पट्ट्यांखाली, लोखंडी ठोकळे टाकून गाडी उचलली, मोठे टायर चढवले, आणि आता आपली गाडी पांदणीत फसत नाही असं तो सांगतो. तुम्हीही तसं करून घ्यावं का?

मी हिंगणघाटच्या बाजूला पाटे-कमानीचं काम करतो. कापसाच्या दिवसांत दारात पिकअपच जास्त असतात, आणि हा प्रश्न घेऊन येणारे बरेच जण तुमच्यासारखेच असतात. वजन पेलण्यासाठी पाट्यांवर नीट केलेलं काम नक्की उपयोगी पडतं. नुसती उंची वाढवायला केलेलं काम आपल्याकडे बहुतेक दिसण्यापुरतं राहतं, आणि कापूस वाहणाऱ्या गाडीला तर ते धोक्याचं आहे. दोन्ही कामं एकाच दुकानात, त्याच पान्यांनी होतात, म्हणून लोक ती एकच समजतात.

आधी पांदणीचं बोलू, कारण गाडी उचलायची म्हणणारा प्रत्येक जण पांदणीचंच कारण देतो. आपल्या काळ्या मातीत पाणी मुरलं की ती फुगते, टायरच्या नक्षीत भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. मग चाक जागेवरच फिरतं आणि खाली खणत जातं. बैलगाडीच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या चाकोरीत गाडी उतरली की मधला मातीचा उंचवटा टेकतो तो मागच्या हौसिंगच्या गोळ्याला, म्हणजे ॲक्सलच्या मधोमध असलेल्या गिअरच्या पेटीला. हा गोळा चाकांबरोबर एकाच ॲक्सलवर असतो. तुम्ही ठोकळे टाका, पाटे वाढवा, लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी कडी) लावा. वर उचलला जातो तो चेसी, डाला आणि केबिन. गोळा जमिनीपासून जितका होता तितकाच राहतो. गोळा उचलायचा एकच मार्ग, मोठं टायर, आणि त्यातही टायरचा व्यास दोन इंचांनी वाढवला तर गोळा एकच इंच वर येतो.

शेजारच्या गावातल्या त्या माणसाची गाडी आता फसत नसेल तर ती बहुतेक नव्या टायरमुळे. खोल, मोकळ्या नक्षीचे टायर माती झटकून टाकतात. तेवढं काम कंपनीच्याच मापाच्या, चांगल्या नक्षीच्या टायरने होतं. त्यासाठी गाडी उचलावी लागत नाही. शिवाय माप मोठं केलं की दुसऱ्या गोष्टी मागे लागतात. समजा २७ इंच व्यासाच्या जागी २९ इंचाचं टायर आलं, तर मीटरवर ६० दिसताना गाडी ६४ ने पळत असते. चढावर पहिला गिअर जड वाटतो, क्लच लवकर जातो, आणि तोच ब्रेक आता मोठं, जड चाक थांबवत असतो. चेसी उंच झाल्याचा फायदा एका ठिकाणी होतो हे मी मान्य करतो: रपट्यावरून चढता-उतरताना, किंवा धुऱ्यावरून वावरात घेताना पुढचा बंपर आणि मागचा डाला घासत नाही. पण त्यासाठी वर्षाचे बाराही महिने गाडी उंच ठेवायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता कापसाचं. सुटा कापूस वजनाला हलका, पण आकाराने अफाट. पायाने दाबून भरला तरी डाल्याच्या वर पुरुषभर चढतो. म्हणजे गाडीचं वजन आधीच वर गेलेलं असतं. गाडी किती तिरपी झाली की कलंडेल याचा साधा हिशेब असा: दोन चाकांमधल्या रुंदीचा अर्धा घ्यायचा आणि त्याला वजनाच्या मध्याच्या उंचीने भागायचं; जो आकडा येतो तो कलंडण्याच्या कोनाचा टॅन्जंट. समजा चाकांमधली रुंदी १.४ मीटर आहे आणि कापूस भरल्यावर वजनाचा मध्य १.१ मीटरवर आला, तर कागदावर गाडी ३२ अंशांच्या आसपास कलंडते. त्यात ३ इंच उंची वाढवली की ते ३१ वर येतं. फरक थोडा दिसतो. पण रस्त्यावर पाटे एका बाजूला दबतात, कापूस कलतो, साइडपट्टी खचलेली असते, समोरून ट्रक येतो म्हणून ड्रायव्हर एक चाक खाली उतरवतो. या सगळ्यात तो कागदावरचा आकडा आधीच अर्ध्यावर आलेला असतो. तिथे एकेक अंश मोलाचा आहे. कापसाच्या ढिगावर पुष्कळदा माणसं बसलेली असतात, हेही लक्षात ठेवा.

आता जे खरं कामाचं आहे त्याकडे येतो, आणि यावर जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक पिकअपना मागे पाटेच असतात, आणि जुन्या गाडीचा पाटा बसलेला असतो. म्हणजे त्याची कमान सपाट झालेली असते. अशा गाडीत थोडं वजन टाकलं तरी मागून ती जमिनीला लागल्यासारखी दिसते, आणि मालकाला वाटतं की पाटा वाढवायला पाहिजे. आधी मोजा. गाडी रिकामी, सपाट जागेवर, चारही चाकांत बरोबर हवा. चाकाच्या मध्यापासून वर डाल्याच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना टेप लावा. एक बाजू दुसरीपेक्षा खाली असेल तर त्या बाजूचा पाटा बसलाय, तुटलाय किंवा बुश (पाट्याच्या टोकाच्या भोकातलं अस्तर) गेलाय. शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या नव्या गाडीचं मापही घ्या. बसलेले पाटे बदलून गाडी मूळ उंचीवर आणणं यालाही लोक ‘उचलणं’च म्हणतात, पण गाडीसाठी याहून चांगलं काम नाही. ती कंपनीने बनवली तशीच होते.

पाट्याला पुन्हा कमान देण्याबद्दल सावध राहा. थंड पाटा ठोकून वाकवला तर काही महिने बरा चालतो. गॅसने लाल करून वाकवला तर त्याचं पाणी उतरतं. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक तापमानाला तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून तयार केलेलं असतं. दुकानाच्या ओट्यावर हे जमत नाही. असा पाटा एकतर लवकर बसतो, नाहीतर तापवलेल्या जागी मोडतो. त्यापेक्षा नवा पाटा घ्या.

आता पाटा वाढवायचा म्हणजे काय होतं ते सांगतो. पाच पाट्यांत त्याच जाडीचा सहावा घातला तर संच साधारण पाचव्या हिश्शाने ताठ होतो. जाडी बदलली तर हिशेब एकदम पालटतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो: ८ मिमीच्या जागी १० मिमी जाडीचा पाटा जवळपास दुप्पट ताठ. म्हणून ‘जाडच टाक, कायमची कटकट मिटेल’ असं कोणी म्हटलं की मी थांबवतो. अशी गाडी रिकामी असताना मागून उडते. उडणारं चाक जमिनीवर नसतं, आणि जमिनीवर नसलेलं चाक ना ब्रेक धरतं ना वळण. वरूड-मोर्शीकडचे संत्रावाले हे लगेच ओळखतात. ताठ गाडीत अर्धीच कॅरेट भरली की कॅरेटमधल्या संत्र्याला आतून मार लागतो. वरून काही दिसत नाही, पण दोन दिवसांनी बाजारात फळ नरम पडलेलं निघतं.

त्यापेक्षा हेल्पर पाटा चांगला. तो मुख्य पाट्यांच्या वर वेगळा बसतो आणि वजन पडून मुख्य पाटे ठरावीक दबल्यावरच टेकतो. गाडी रिकामी असताना त्याचा काहीच त्रास नाही. तुमच्यासारखं, कधी खत तर कधी रिकामं, असं काम असेल तर हाच बदल मला पटतो. त्याचे फायदेही डोळ्यांना दिसतात. भरलेली गाडी मागून दबली की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगतं, आणि हेडलाइट वर उठून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हेल्पर पाट्याने गाडी सपाट राहिली की हे तिन्ही सुधारतं.

पण इथे एक गोष्ट हमखास राहून जाते, आणि मला तिची सगळ्यात जास्त काळजी वाटते. अनेक पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चेसी आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर एका दांडीने मोजून तो ठरवतो की मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा. गाडी दबली म्हणजे माल आहे, दाब जास्त. गाडी उंच म्हणजे रिकामी, दाब कमी. तुम्ही पाटा वाढवला किंवा ठोकळा टाकला की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. मागचा ब्रेक कमी लागतो, सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, आणि उतारावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. पाटे बदलले की त्या दांडीची सेटिंग कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे पुन्हा करायलाच हवी. काही जण ती दांडी तारेने वर बांधून टाकतात. तसं कोणी करू लागला तर गाडी तिथून काढून घ्या.

शेजारच्या त्या ठोकळ्यांबद्दल. ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा ठेवला की यू बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळून धरणारे) लांब घ्यावे लागतात, आणि जोरात वेग घेताना ॲक्सल पिळला जातो. मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटचा कोन बदलतो, त्यातला क्रॉस लवकर जातो, ठरावीक वेगाला गाडी थरथरते. एकावर एक ठोकळे तर कधीच नकोत, आणि पुढच्या ॲक्सलला ठोकळा अजिबात नको. लांब शॅकलने उंची वाढते, पण शॅकलच्या वाढवलेल्या लांबीच्या निम्मीच, आणि गाडी आडवी जास्त हलते.

शॉकअपविषयी एकच सांगतो: तो वजन उचलत नाही. वजन पाटा उचलतो, शॉकअप फक्त झोके थांबवतो. ‘हेवी शॉकअप टाकले की जास्त माल भरता येतो’ हे खोटं आहे. तेल गळत असेल तर बदला, दोन्ही बाजूंचे एकदम.

जास्त माल भरता यावा म्हणून पाटा वाढवायचा असेल, तर मी ते काम करत नाही. पाटा ताठ केला म्हणून ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चेसी यांची ताकद वाढत नाही. आरसीवर छापलेलं एकूण वजन या सगळ्यांतल्या कमजोर भागावरून ठरलेलं असतं. ऑस्ट्रेलियात प्रमाणित किट बसवून, तपासणी करून पिकअपची वजनमर्यादा कागदोपत्री वाढवून मिळते. आपल्याकडे तुमच्या पाट्याने आरसीवरचा आकडा हलत नाही. ओव्हरलोड सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. कंपनीने ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करण्यावर कलम ५२ चं बंधन आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. २०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयानेही मूळ नोंदीपेक्षा वेगळी गाडी चालणार नाही असं सांगितलंय. उंच केलेली, मोठ्या टायरची गाडी लांबूनच ओळखू येते. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीही पहिला प्रश्न तोच विचारेल.

म्हणून तुम्ही असं करा. जिनिंगच्या काट्यावर नाहीतर धरमकाट्यावर गाडी एकदा रिकामी आणि एकदा नेहमीच्या मालासह तोला. भरलेली असताना फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वेगळं वजन घ्या, म्हणजे मागच्या ॲक्सलवर खरं किती येतं ते कळेल. युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५० चं, त्यामुळे खताचा हिशेब घरीही होतो. कापसाचा अंदाज मात्र हमखास चुकतो. वजन आरसीत बसत असेल आणि तरीही गाडी मागून फार दबत असेल, तर आधी पाटे बसलेत का, बुश आणि शॅकलच्या पिना झिजल्यात का, बंप स्टॉपचे रबर शाबूत आहेत का, हे पाहा. पुष्कळ गाड्यांचं काम इथेच संपतं. त्यानंतरही गरज वाटली तर तुमच्या मॉडेलसाठी कंपनीकडे हेल्पर पाटा किंवा जड संच आहे का ते डीलरकडे विचारा आणि तोच घ्या.

काम करून घेताना सेंटर बोल्ट (पाट्यांचा संच मधोमध एकत्र धरणारा) आणि यू बोल्ट नवेच टाकायला सांगा, जुने ताणलेले असतात. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालू लागते. मालासह दोन-तीनशे किलोमीटर झाले की परत जाऊन यू बोल्ट कसून घ्या, कारण नवे पाटे एकमेकांवर बसताना थोडी जागा सोडतात. पावसाळ्यात वावरात जायचं असेल तर पैसे टायरच्या नक्षीवर घाला आणि एक चांगला दोर, फावडं आणि दोन जाड फळ्या डाल्यात कायम ठेवा. तुमच्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि मागच्या पाट्यांची संख्या इथे लिहिली तर कोणता संच बसेल ते मी नेमकं सांगू शकेन.