संयुक्त राष्ट्रांचा इतिहास नव्याने वाचणाऱ्यासाठी

मस्त विषय घेतलायस! पण थेट १९४५ पासून सुरुवात करू नको, आधी राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स, संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) समजून घे, १९२० मध्ये तो सुरू झाला, कल्पना अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष विल्सन यांची आणि अमेरिका स्वतःच त्यात कधी आली नाही, शिवाय मोठ्या निर्णयांना सगळ्यांचं एकमत लागायचं. हे डोक्यात बसलं की पुढे पाच देशांना व्हेटो (सुरक्षा परिषदेतला ठराव एकट्याने रोखायचा हक्क) का दिला ते आपोआप कळतं, बड्यांना आत धरून ठेवायचं होतं.

सुरुवातीला एवढंच बघ:
- १ जानेवारी १९४२, दुसऱ्या महायुद्धात एका बाजूला असलेल्या २६ देशांचं जाहीरनाम्यावर एकमत, 'संयुक्त राष्ट्रे' हे नाव तिथलं
- १९४४ डंबार्टन ओक्स, मग १९४५ याल्टा, या बैठकांत नव्या संघटनेचा आराखडा ठरत गेला
- २६ जून १९४५ सॅन फ्रान्सिस्कोत सनदेवर (संघटनेच्या मूळ करारावर) सह्या, २४ ऑक्टोबरला ती लागू

नवीन लोक हमखास चुकतात ते म्हणजे राष्ट्रसंघ आणि संयुक्त राष्ट्र संघ यांची सरमिसळ. दुसरं, शांतिसेना सनदेतच आहे असं धरून चालतात. नाहीये! तो शब्दच तिथे नाही, १९४८ मध्ये पॅलेस्टाइनला निरीक्षक गेले आणि १९५६ च्या सुएझ कालव्याच्या पेचात पहिलं सशस्त्र दल उभं राहिलं, गरजेतून घडत गेलं सगळं, मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो.

उपसंस्थांची नावं आत्ता पाठ करू नको. आधी सनदेची प्रस्तावना वाच, छोटीच आहे, आणि अडलं की बिनधास्त विचार.