पाडव्याच्या सुट्टीत साडेचार वर्षांच्या मुलीकडून कोणत्या सोप्या वस्तू करून घेता येतील?

आपली मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि तिला कात्री नीट धरता येत नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते कात्रीवाचून होणारी लहानशी गुढीच तिच्याकडून करून घ्यावी, कारण रंगवणे, मळणे, ओवणे ही कामे या वयाच्या हातांना सहज जमतात, आणि वस्तू आईने केली व मुलीने केवळ चिकटवली असे होत नाही.

सुरुवात गुढीच्या वस्त्रापासून करावी, कारण मुले त्यातच सर्वाधिक रमतात. पांढऱ्या सुती कापडाचा वीतभर तुकडा हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवावा आणि अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवून, त्यात बुडवलेला कापूस लावलेली काडी मुलीच्या हाती द्यावी. पिवळ्या कापडावर ती जिथे टेकते तिथे तांबूस ठिपका उमटतो. हळदीचा रंग क्षाराने लाल होतो, आणि हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही याच गुणामुळे. माझ्या मुलाने पहिला ठिपका पाहून काडी पुन्हा पुन्हा वाटीत बुडवली होती. रंग पाण्यात नसून कापडात आहे, हे त्याला पटतच नव्हते. हळदीचे डाग पडतात, म्हणून जुने कपडे घालावेत.

गाठींसाठी दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसे पाणी घालून घट्ट गोळा मळावा. मुलीने चपट्या गोळ्या कराव्यात, आपण काडीने आरपार भोके पाडावीत आणि त्या दोन-तीन दिवस उन्हात वाळवाव्यात. या गाठी साखरेच्या गाठींसारख्याच दिसतात व अतिशय खारट असतात, म्हणून त्या तोंडात घालायच्या नाहीत हे तिला आधीच सांगावे. ओवताना लोकरीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली की ते सुईसारखे ताठ राहते.

काठी म्हणून वर्तमानपत्राची घट्ट सुरळी पुरते. तिच्यावर वस्त्र, गाठी आणि कडुनिंबाचा खराखुरा डहाळा (चैत्रात त्याची कोवळी पालवी तांबूस असते, ती मुलीला अवश्य दाखवावी) लोकरीने बांधून वर चहाचा कागदी पेला उपडा घालावा. गाठी वाळायला वेळ लागत असल्याने हे काम पाडव्याच्या चार दिवस आधी सुरू करावे.