व्हिडिओचे संकलन करताना जे-के-एल (मागे, थांबा, पुढे) आणि इतर शॉर्टकट मध्येच बंद पडतात. कीबोर्ड बदलावा का?

कीबोर्ड बदलू नका, निदान एवढ्यात तरी नको. आपण लिहिले आहे की टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडलेल्या पट्टीवर, काम सुरू असताना जे, के, एल, आय, ओ या कळा अचानक प्रतिसाद देणे थांबवतात, स्पेसबार आणि बाणांच्या कळा मात्र चालत राहतात, आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला की सगळे पूर्ववत होते. त्याच संगणकावर आपण मराठी सबटायटल टाइप करता, हे आपण शेवटी जाता जाता सांगितले आहे. माझ्या मते प्रश्नाचे उत्तर त्या शेवटच्या वाक्यातच आहे. ‘मराठी कीबोर्ड काढून टाका, सगळे ठीक होईल’ असा सल्ला आपल्याला कोणीतरी दिला असेल किंवा लवकरच देईल, म्हणून मी एरवी अशा प्रश्नांना उत्तरे देत नसतानाही हे लिहीत आहे. तो सल्ला मी एकदा मानला होता आणि त्याची किंमत मोजली होती.

2016 च्या पावसाळ्यात पुण्यातील एका लहानशा संकलन-कक्षात मी 52 मिनिटांच्या एका माहितीपटावर काम करत होतो. मेळघाटातील कोरकू कुटुंबांवरचा तो माहितीपट होता. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असल्यामुळे मराठी माणसाला ती ऐकून अजिबात समजत नाही. त्यामुळे चित्रपटातील प्रत्येक वाक्याला मराठी सबटायटल देणे भाग होते. धारणी भागातल्या एका शिक्षकांनी केलेला अनुवाद दोनशे पानी वहीत, शाईच्या पेनाने लिहिलेला होता. ती वही उजव्या हाताला उघडी ठेवून मी सबटायटलच्या वेगळ्या प्रोग्राममध्ये इनस्क्रिप्टने, म्हणजे विंडोजमधल्या मराठी कळपाटीने, टाइप करत असे, आणि वाक्य नेमके कोठे सुरू होते हे पाहण्यासाठी मधूनमधून संकलनाच्या प्रोग्राममध्ये जात असे. संगणकावर विंडोज 7 होते.

दुसऱ्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास के दाबूनही चित्र थांबेना. एल दाबले तरी पुढे जाईना. माउसने सगळे होत होते, स्पेसबारने चित्र चालत-थांबत होते, कंट्रोल आणि एसने फाइल जतनही होत होती. प्रोग्राम बंद करून उघडला, ठीक झाला. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. त्या कक्षात ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते ज्येष्ठ संकलक तेथेच होते. मी त्यांना सर म्हणत असे, आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर आजही तसाच आहे. त्यांनी दोन-तीन कळा दाबून पाहिल्या आणि कीबोर्ड गेला असे सांगितले. सकाळी मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन साडेसहाशे रुपयांचा नवा कीबोर्ड आणला. दुपारपर्यंत तो उत्तम चालला. दुपारी के पुन्हा बंद.

तेव्हा सरांनी दुसरे निदान केले. “तू यात ते युनिकोड मराठी टाकल्यापासून हे सुरू झालंय. काढून टाक ते. कृतिदेवमध्ये टाइप कर, मी वीस वर्षं तेच करतोय, माझा एकही शॉर्टकट कधी अडला नाही.” त्यांच्या म्हणण्यातला पहिला भाग खरा होता, म्हणूनच तो फसवा ठरला. मी संगणकातून मराठी कीबोर्ड काढून टाकला, कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टची कळपाटी छापून भिंतीला लावली आणि 212 सबटायटल नव्याने टाइप केली. शॉर्टकट खरोखरच एकदाही अडले नाहीत.

दोन दिवसांनी दिग्दर्शिकेने सबटायटलची स्वतंत्र एसआरटी फाइल मागितली. एसआरटी हा साधा मजकूर असतो. त्यात वेळा असतात आणि अक्षरे असतात, फॉन्ट नसतो. तिने ती आपल्या लॅपटॉपवर उघडली आणि मला पडद्याचे छायाचित्र पाठवले. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरे उभी होती. कृतिदेवमध्ये मराठी अशीच साठवली जाते. संगणकाच्या दृष्टीने ती मराठी नसतेच, ती इंग्रजी अक्षरे असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. शॉर्टकट अडत नाहीत ते याच कारणाने, कारण संगणकाला आपण मराठी लिहीत आहोत याचा पत्ताच नसतो. सरांची सबटायटल नेहमी चित्रातच कायमची छापलेली असत, त्यामुळे फॉन्ट गेल्यावर काय उरते हे पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता.

मी मराठी कीबोर्ड परत घातला, ती 212 सबटायटल तिसऱ्यांदा टाइप करायला घेतली, आणि के पुन्हा अडल्यावर या वेळी प्रोग्राम बंद केला नाही. क्लिप शोधण्यासाठी जी लहान चौकट असते तिच्यात क्लिक करून जे, के, एल या तीन कळा ओळीने दाबल्या. चौकटीत ‘रकत’ अशी अक्षरे उमटली. खाली टास्कबारवर इंग्रजीच्या ‘ईएन’च्या जागी मराठीचे ‘एमआर’ होते. मराठी कीबोर्ड होता तितके दिवस ते तेथे येत-जात होते आणि आमच्या दोघांपैकी एकानेही तिकडे पाहिले नव्हते, कारण या प्रोग्राममध्ये मराठी चालू करण्याचा प्रश्नच नव्हता.

ती चालू होत होती माझ्याच डाव्या हाताने. डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडले की विंडोज टंकनाची भाषा बदलते. टाइमलाइनवर याच दोन कळांबरोबर तिसरी कळ दाबून मी क्लिप सरकवत असे. अनेकदा दोन कळा दाबल्यावर विचार बदलून हात उचलत असे, आणि त्या क्षणी भाषा बदलत असे. विंडोज 7 ही भाषा प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळी लक्षात ठेवत असे, त्यामुळे प्रोग्राम नव्याने उघडला की मूळची इंग्रजी परत येई. विंडोज 8 पासून ती सर्वांसाठी एकच असते, मात्र कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याचा पर्याय आहे. प्रोग्राम पुन्हा उघडल्यावर आपले सर्व ठीक होते, त्यावरून तो पर्याय आपल्याकडे चालू असावा.

आता दोष कोणाचा, हा माझा खरा मुद्दा आहे. एक कळ दाबली की संगणकाला तिच्या तीन ओळखी मिळतात. के घेतली तर तिची कीबोर्डवरील जागा 37 या क्रमांकाने कळते. विंडोज त्या जागेला 75 या क्रमांकाचे नाव देते. आणि इनस्क्रिप्ट चालू असेल तर तिच्यातून निघणारे अक्षर क असते, ज्याचा युनिकोड क्रमांक दशमान पद्धतीत 2325 आहे. भाषा बदलल्यावर फक्त तिसरी ओळख बदलते, पहिल्या दोन तशाच राहतात. ज्या प्रोग्रामने शॉर्टकटसाठी पहिली किंवा दुसरी ओळख वापरली त्याला इनस्क्रिप्टचा काहीही त्रास होत नाही. ज्याने तिसरी वापरली तो ‘के’ अक्षराची वाट पाहत बसतो आणि त्याच्यापुढे क येतो. जे-के-एल ही तर जागेचीच रचना आहे: तीन शेजारच्या कळा, मधली थांबवणारी, दोन बाजूंच्या मागे-पुढे नेणाऱ्या. तिचा त्या अक्षरांशी संबंध नाही. ती अक्षरांना बांधणे ही प्रोग्राम लिहिणाऱ्याची चूक आहे. रशियन, ग्रीक आणि अरबी लिहिणाऱ्यांनाही हाच त्रास होतो, आणि त्यांनी आपली लिपी संगणकावरून काढून टाकावी असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडे मात्र माणूस अडला की आधी मराठीलाच उठवतात.

आपण इनस्क्रिप्टऐवजी फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी लिहिणारा कीबोर्ड, वापरत असाल तर प्रकरण थोडे वेगळे आहे. विंडोज 10 मध्ये 2019 साली मराठी फोनेटिक आले. ते नुसती कळपाटी नसून कळ आणि प्रोग्राम यांच्या मध्ये बसणारा स्वतंत्र घटक आहे. तो शब्द जुळवत असताना प्रोग्रामला कळेच्या नावाऐवजी 229 हा एकच क्रमांक मिळतो, म्हणजे ‘ही कळ सध्या दुसऱ्याच्या ताब्यात आहे’. त्यामुळे चांगले लिहिलेले प्रोग्रामही फोनेटिक चालू असताना अनेकदा शॉर्टकट घेत नाहीत. याच कारणाने संकलनाच्या संगणकावर मी इनस्क्रिप्टचाच आग्रह धरतो. शिकायला पंधरा दिवस लागतात, आणि 1986 पासून भारतीय लिप्यांसाठी ठरलेली तीच प्रमाण कळपाटी आहे.

आपण काय करावे? पुढच्या वेळी कळा अडल्या की प्रोग्राम बंद न करता कोणत्याही मजकुराच्या चौकटीत जे-के-एल दाबून पाहा. देवनागरी उमटली तर निदान झाले. मग कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमधून भाषा बदलण्याच्या शॉर्टकटपर्यंत जा, डावा ऑल्ट-शिफ्ट ही जोडी रद्द करा आणि भाषा बदलण्यासाठी विंडोज-स्पेस वापरा. ही जोडी चुकून दाबली जात नाही. माझ्याकडे त्या दिवसापासून डावा ऑल्ट-शिफ्ट रद्द आहे आणि तेव्हापासून भाषा नकळत बदललेली नाही. आपण नुसते चित्र पाहण्यासाठी एमपीव्ही हा प्लेयर वापरत असाल तर त्याच्या इनपुट फाइलमध्ये शॉर्टकट म्हणून थेट देवनागरी अक्षर लिहिता येते: पी या कळेवर इनस्क्रिप्टमध्ये ज आहे, म्हणून ‘ज’ लिहून पुढे थांबवण्या-चालवण्याची आज्ञा द्यायची. ही सोय करणाऱ्यांचे मला मनापासून कौतुक वाटते.

चौकटीत इंग्रजीच उमटली तर मात्र माझे निदान आपल्याला लागू नाही. त्या वेळी टाइमलाइनऐवजी दुसऱ्याच पॅनेलवर फोकस गेला आहे का ते आधी पाहा. कळ बराच वेळ दाबून धरल्यावरच उमटत असेल तर फिल्टर कीज ही ओझरते स्पर्श न मोजणारी विंडोजची सोय चालू झाली असावी. उजवा शिफ्ट आठ सेकंद दाबून धरला की ती चालू करण्याची सूचना येते, आणि संकलक शिफ्टवर बोट ठेवून विचार करत बसतातच. चौकटीतही काहीच उमटले नाही तर कीबोर्ड खरोखर बिघडला असेल. एक गोष्ट सरांच्या बाजूनेही सांगितली पाहिजे: ज्या संगणकावर फक्त कापाकापी होते आणि एक अक्षरही मराठी टाइप होत नाही, तेथे मराठी कीबोर्ड नसला तरी काही अडत नाही. आपला संगणक तसा नाही.

भाषा बदलणाऱ्या कळांची जोडी बदलल्यावरही आपल्या प्रोग्रामला मराठी चालू असताना शॉर्टकट कळावेत अशी आपली अपेक्षा असेल, आणि ती असलीच पाहिजे, तर बनवणाऱ्यांना तक्रार पाठवा. ‘मराठीत चालत नाही’ एवढेच लिहू नका. कळपाटीचे नाव लिहा, कोणती कळ दाबली ते लिहा, आणि आपला प्रोग्राम 75 ऐवजी 2325 वाचत आहे असे लिहा. मी त्या वर्षी असे पत्र पाठवले होते. पुढच्या वर्षाच्या आवृत्तीत इनस्क्रिप्ट चालू ठेवून के दाबली, आणि चित्र थांबले.