गच्चीवरच्या कुंडीत मर्यादवेल जगेल का? माझी दोनदा कुजली.

जगेल. पण तुम्ही लिहिलंय की गांडूळखत घातलेल्या मातीत लावली होती आणि पाणी रोज घालत होतात. तिथेच बिघडलं. ही पुळणीवरची वेल आहे. भरतीच्या रेषेच्या जरा वर, खाऱ्या वाऱ्यात, नुसत्या वाळूत वाढते. समुद्राची मर्यादा दाखवते म्हणून मर्यादवेल. तिचे लाड करायचे नाहीत.

माझं घर कोकणात, किनाऱ्याला लागून. सुरुवातीला मीही शेणखत घातलं होतं. आपट्यासारखी जोडपानं भरभरून आली, फूल मात्र एकही नाही. खत बंद केलं आणि पुढच्या हंगामात फुलली.

पुन्हा लावाल तेव्हा बियांपासून लावा. किनाऱ्यावरची वेल कृपा करून उपटून आणू नका. वाळलेल्या बोंडात सहसा चार बिया असतात, तपकिरी, मखमली लव असलेल्या. कवच इतकं टणक की बी समुद्रावर तरंगत दूर जाऊनही रुजते, आणि म्हणूनच घरी नुसती पेरली तर तशीच पडून राहते. पॉलिशपेपरवर एका बाजूने घासा, आतला फिकट भाग दिसला की थांबा, रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी टम्म फुगलेल्या तेवढ्या पेरा, बाकीच्या पुन्हा घासा.

कुंडी रुंद घ्या. तीन भाग जाड वाळू, एक भाग माती, खाली भोकं मोकळी. दिवसभर ऊन हवंच. बोट खुपसून पाहा, आत कोरडं लागलं तरच पाणी. पावसाळ्यात कुंडी विटांवर उचलून ठेवा.

आणि तिला जाळीवर चढवू नका. ती जमिनीवर पसरणारी वेल आहे. पेर वाळूला टेकलं की तिथून मूळ फुटतं. आमच्याकडे एक फांदी उचलून पाहिली, तर जवळजवळ प्रत्येक पेराखाली मुळांचा झुपका आणि त्याला धरून वाळूचा गोळा. लाटांनी पुळण खाल्ली त्या वर्षी वेल होती तिथली वाळू बरीचशी टिकली, शेजारी 'स्वच्छता' म्हणून वेल काढली होती तिथे खड्डा पडला. लोक तिला कचरा समजतात याचं फार वाईट वाटतं.

फुलं पाहायची तर सकाळी गच्चीवर जा. जांभळट गुलाबी फूल, घशात गडद. काळा भुंगा आत शिरतो आणि पाठीवर पांढरे परागकण घेऊन बाहेर येतो. दुपारपर्यंत फूल मिटतं. ते रोग समजून औषध मारू नका, दुसऱ्या दिवशी नवीन येतं.