देरिदा नंतर, आधी योहान

बाळा, उत्तराधुनिक विचार आणि ख्रिस्ती धर्मज्ञान एकत्र वाचायचं म्हणतोस, तर फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदापासून सुरुवात करू नकोस. मी तेच केलं आणि दोन वर्षं नुसता गोंधळ. आधी योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलं वाक्य घे, आणि ते सोलापुरातच वाच. आपल्या मराठी बायबलात ‘प्रारंभी शब्द होता’. पूर्व भागातल्या तेलुगू कुटुंबात विचार, तिथे ‘वाक्यमु’ निघेल. कन्नडमध्ये ‘वाक्य’, उर्दूत ‘कलाम’. मूळ ग्रीक ‘लोगोस’, त्यात शब्दही आला, बुद्धीही, आणि हिशेबसुद्धा! एकाच गल्लीत चार भाषांतरं, त्यातलं खरं कोणतं? हा प्रश्न नीट टोचला की पुढचं सगळं सोपं.

मग ल्योतार, हाही फ्रेंच तत्त्वज्ञ. उत्तराधुनिकता म्हणजे महाकथनांवरचा, म्हणजे सगळं काही एकाच मोठ्या कथेत बसवणाऱ्या मांडणीवरचा, अविश्वास असं त्याने १९७९ मध्ये मांडलं. त्याचा अर्थ ‘सत्यच नाही’ असा लावू नकोस. घाईत सगळे तोच लावतात.

अमेरिकन धर्मज्ञानी लिंडबेक मात्र सावकाश वाच. १९८४ मध्ये त्याने मांडलं की धर्माचे सिद्धान्त हे श्रद्धेचं व्याकरण असतं, म्हणजे श्रद्धेने कसं बोलावं-वागावं याचे नियम. त्याचं उदाहरण बघ: धर्मयोद्धा ‘ख्रिस्त प्रभू आहे’ ओरडत परधर्मीयाचं डोकं फोडतो, तेव्हा ते विधान त्याच्या तोंडी खोटं ठरतं, कारण त्याची कृतीच त्या शब्दांच्या उलट जाते. मला हे पटतं, पण अर्धंच. व्याकरण चोख असलं तरी बोलणारा थापा मारू शकतो की! येशू खरोखर उठला का, हे व्याकरण सांगत नाही. तिथे अडशील. अडलास की रविवारी उपासनेनंतर ये, चहा घेत भांडू.