दुबईच्या खरेदीवरचा व्हॅट परत घेताना: आधी तपासणी, मग बॅग

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नांदेडहून हैदराबादमार्गे ग्रुप टूरने दुबई, लेकीच्या लग्नासाठी पाटल्या आणि एक फोन घ्यायचाय, शारजात नोकरीला असलेला भाचा सोबत फिरेल. दुकानदार ‘टॅक्स विमानतळावर परत मिळतो’ म्हणतात, तर तो खरंच मिळतो का, आणि किती?

मिळतो, पण नुसत्या बिलावर नाही. दुकान या योजनेत नोंदलेलं लागतं आणि पैसे देण्याआधीच ‘टॅक्स फ्री पाहिजे’ म्हणून पासपोर्ट पुढे करावा लागतो. दुकानदार पासपोर्ट नोंदवून बिलाला टॅक्स फ्री टॅग जोडतो. तो नसेल तर बिल कितीही पक्कं असो, विमानतळावर त्याला किंमत नाही. एका बिलाची किमान रक्कम 250 दिरहम.

भाच्याचं आधी सांगते, कारण बहुतेकांचं तिथेच बिनसतं. तो तिथला रहिवासी आहे, त्याला हा परतावा लागू नाही. ‘मावशी, मी देतो पैसे’ म्हणत त्याने स्वतःच्या नावावर बिल केलं तर टॅक्स गेला. घासाघीस त्याला खुशाल करू द्या, बिल आणि टॅग मात्र तुमच्याच पासपोर्टवर. वस्तू घेऊन देशाबाहेर जाणारी व्यक्ती आणि बिलावरची व्यक्ती एकच असावी लागते, त्यामुळे नवऱ्याच्या पासपोर्टवर घेतलेल्या मालासाठी काउंटरवर तेच उभे राहणार.

आता हिशोब. व्हॅट 5 टक्के. 2,000 दिरहमच्या वस्तूवर 100 दिरहम व्हॅट, म्हणजे बिल 2,100 चं. परत मिळतात व्हॅटच्या साधारण 85 टक्के, म्हणजे 85 च्या आसपास, आणि त्यातून दर टॅगमागे 4.80 दिरहम शुल्क वजा. हातात 80 च्या आसपास. नेमक्या 250 दिरहमच्या बिलावर हेच गणित केलं तर व्हॅट 11.90, आणि हाती जेमतेम सव्वापाच दिरहम. त्यासाठी रांगेत उभं राहण्यात काही राम नाही. एकाच दुकानातून चार गोष्टी घ्यायच्या असतील तर एकाच बिलावर घ्या, शुल्क एकदाच कापलं जाईल. हॉटेल, जेवण, डेझर्ट सफारी यांचा टॅक्स परत मिळत नाही. अत्तराची बाटली तिथेच वापरायला काढली की तिच्यावरचाही गेला.

सोन्यात एक बारकावा. दागिन्यांवर व्हॅट लागतो म्हणून तो परत मिळतो. 99 टक्के किंवा त्याहून जास्त शुद्धतेची गुंतवणुकीची नाणी-बिस्किटं शून्य दरात येतात, तिथे परत मागण्यासारखं काही नसतंच.

विमानतळावर टूरवाले ग्रुपला सरळ चेक-इनच्या रांगेत लावतात. टूर मॅनेजरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा आणि विमानाच्या चार तास आधी पोहोचा. चेक-इनच्या आधी टॅक्स रिफंडचं काउंटर किंवा मशीन गाठायचं, पासपोर्ट स्कॅन करायचा. यंत्रणेने हिरवा दाखवला तर काम झालं. लाल आला तर वस्तू काढून दाखवायची. बॅग पट्ट्यावर गेलेली असेल तर दाखवणार काय? म्हणून पाटल्या हातातल्या बॅगेत आणि बिलं पासपोर्टसोबत ठेवा. खरेदीपासून 90 दिवसांच्या आत देश सोडायचा असतो, सहलीवाल्याला त्याची चिंता नाही. परतावा रोख घेतला तर दिरहममध्येच घ्या. काउंटरवर रुपयांत बदलून घेतला की भाव मार खातो. कार्डावर घेतल्यास काही दिवस लागतात.

पुढे थायलंड-सिंगापूरचाही विचार आहे म्हणालात. थायलंडमध्ये व्हॅट 7 टक्के, एका दुकानात एका दिवसात किमान 2,000 बाहत, आणि फॉर्म खरेदीच्याच दिवशी दुकानातून भरून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी गेलात तर देत नाहीत. सिंगापूरचा जीएसटी 2024 पासून 9 टक्के, किमान खरेदी 100 सिंगापूर डॉलर. पण सिंगापूर-मलेशिया टूरमध्ये बसने मलेशियात शिरून क्वालालंपूरहून परतीचं विमान असेल तर हा परतावा मिळत नाही, रस्त्याने बाहेर पडणाऱ्यांना ती सोयच नाही. बुक करण्याआधी परतीचं विमान कुठून आहे ते बघा.

युरोपात परताव्याच्या फॉर्मवर कस्टम्सचा शिक्का लागतो, तो युरोपीय संघातून बाहेर पडताना शेवटच्या ठिकाणी मिळतो, आणि स्वित्झर्लंड संघात नाही! पॅरिसला पर्स घेतली, बसने स्वित्झर्लंडमध्ये गेलात आणि झुरिकहून विमान पकडलं, तर फ्रान्सच्या फॉर्मवर शिक्का सीमेवरच घ्यायला हवा होता. झुरिक विमानतळावर ते काम होत नाही, आणि बस सीमेवर थांबवायला ड्रायव्हर सहसा राजी नसतो. अशा मार्गावर मोठी खरेदी इटलीसाठी राखून ठेवा, म्हणजे परतीचं विमान रोम किंवा मिलानहून असेल तर. ब्रिटनने 1 जानेवारी 2021 पासून ही सोय बंद केली आहे, तेव्हा लंडनच्या दुकानात ‘टॅक्स फ्री’चा हिशोब धरूच नका.

आणि तिथे टॅक्स परत मिळाला म्हणून इथलं सीमाशुल्क माफ होत नाही. हैदराबादला उतरल्यावर आपले नियम लागतात. दागिन्यांची शुल्कमुक्त सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांना आहे, आठवड्याच्या सहलीला नाही. पाटल्यांचं वजन ठरवतानाच शुल्क धरून भाव काढा, आणि मग तो नांदेडच्या सराफाच्या भावाशी ताडून बघा. पाच टक्क्यांतले चार परत मिळूनही सौदा महाग पडू शकतो. शुल्क लागत असेल तर रेड चॅनेलने, म्हणजे विमानतळावर शुल्काचा माल जाहीर करणाऱ्यांच्या रांगेने जाऊन बिल दाखवा.

टॅगचे आणि बिलाचे फोटो निघण्याआधी फोनमध्ये काढून ठेवा. कार्डावर पैसे आले नाहीत तर विचारणा दुकानदाराकडे नाही, रिफंड चालवणाऱ्या कंपनीकडे टॅगचा नंबर देऊन करायची असते.