ब्लँकेटची ठिणगी आणि ढगातली वीज: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

यावलकडच्या एका केळी उत्पादक भाऊंचा प्रश्न: ‘हिवाळ्यात ब्लँकेट झटकलं की चटचट ठिणग्या उडतात. ती आणि आभाळातली वीज एकच का? मग ठिणगी कोरड्या हवेत आणि वीज पावसात, असं कसं?’

भाऊ, नेमकं बोट ठेवलंत. वीज एकच. घासून-आदळून विद्युतभार एकीकडून दुसरीकडे जातो, साचतो, आणि हवेला तो आवरेनासा झाला की उडी घेतो. हवेत ओल असली की कापडावर, कातडीवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि भार त्यावरून गुपचूप निघून जातो, म्हणून पावसाळ्यात ब्लँकेट गप्प असतं. ढगात गारा आणि बर्फकण सुटे तरंगतात, भाराला निसटायला असा थर नाही, आणि दमट झाली तरी हवा वीज सहज वाहू देत नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो. तापलेली हवा जोरात वर चढते. सहा-सात किलोमीटरवर, शून्याखाली 10 ते 20 अंशांत, बर्फकण मऊ गारांवर आदळतात. गारा बहुधा ऋणभार घेऊन खाली राहतात, हलके कण धनभार घेऊन वर जातात. गारपिटीचा ढग कडाडतो तो याच कारणाने. केळीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. जमिनीवर पडणाऱ्या विजेत साधारण 30 हजार अँपिअर प्रवाह असतो. ब्लँकेटच्या ठिणगीत व्होल्ट हजारांत असले तरी भार एवढासाच, म्हणून नुसता चटका.

शहाद्याच्या दादांनी विचारलंय: ‘वीज बांधावरच्या निंबावर पडली. खाली बांधलेले दोन्ही बैल गेले, अंगावर खूण नाही. थोडा लांब उभा असलेला सालदार वाचला. कसं?’

वीज झाडातून जमिनीत उतरते आणि चहूकडे पसरते. बुंध्याजवळ विजेचा दाब (व्होल्ट) जास्त, लांब जावं तसा कमी. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत दीडेक मीटर अंतर. तेवढ्यात दाबाचा मोठा फरक पडतो आणि प्रवाह एका पायातून चढून छातीतून दुसऱ्या पायात उतरतो. माणसाचे पाय जवळ असतात, प्रवाह निदान छातीतून जात नाही. म्हणून गडगडाट ऐकताच जनावरं झाडाखालून, तारेच्या कुंपणापासून सोडवा. वीज चमकल्यावर 30 सेकंदांत आवाज आला, तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात जा. पत्र्याचं उघडं शेड चालत नाही, पंपाच्या स्टार्टरला हात लावू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. उघड्यावर अंगावरचे केस उभे राहिले, तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका.

मोबाईल वीज ओढत नाही. उलट पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप घ्या, जवळच्या विजेची सूचना त्यावर येते.

आणि दादा, पुन्हा कधी असं झालं, तर जनावर पुरण्याआधी तलाठी आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा. पंचनामा आणि शवविच्छेदन नसेल तर मदतीचं प्रकरण अडतं.